शांतादेवींच्या दारातलं पार्सल

१

मृत्युंजय उमराणी किडनी निकामी होऊन गेला, असं डॉक्टर म्हणाले. त्याची आई म्हणत होती, गेला नाही, घालवलाय. आणि कुणी घालवला ते शोधून द्या म्हणून ती ॲडव्होकेट मैथिली सबनीस यांच्या राजारामपुरीतल्या ऑफिसात येऊन बसली होती.

आता मैथिलीबाई काही खुनाचे खटले चालवणाऱ्या नव्हेत. त्यांची सगळी वकिली ग्राहक मंचातली. गळका फ्रीज, आटलेली साडी, टूरवाल्यानं अर्ध्या वाटेत सोडलेली माणसं, असली प्रकरणं. तोंडानं महाफटकळ. पक्षकार आला की पहिल्याच दिवशी सांगायच्या, "रडायचं असेल तर बाहेर बाकावर रडून या. आत आल्यावर झालं तेवढं सांगायचं." शांतादेवींना मात्र त्यांनी तसं सांगितलं नाही, कारण ती बाई रडतच नव्हती. खुर्चीच्या टोकावर बसून ती फक्त डाव्या कुशीवर हात धरून होती. त्या कुशीतली किडनी दोन वर्षांपूर्वी काढून मुलाला बसवली होती.

"माजी हुती ती, वकीलबाई. माज्या पोटातनं त्याच्या पोटात गेलती. चांगली चालालती. पोरगं हापिसला जायाला लागलतं, पोरगी बगा म्हनालतं."

दुसऱ्याची किडनी शरीरानं झिडकारू नये म्हणून मृत्युंजयला रोज कॅप्सूल घ्याव्या लागत. त्या कोल्हापुरात मिळत नसत. मुंबईचा विक्रेता दर महिन्याला कुरिअरनं पाठवायचा, तीन-तीन महिन्यांची मागणी आधीच नोंदवलेली असायची. श्रावणात ते पार्सल आलंच नाही. कुरिअरवाला म्हणाला, अमावास्येलाच पोचवलंय, सही आहे. मृत्युंजय रोज त्यांच्या ऑफिसात चकरा मारायचा आणि ते रोज सांगायचे, घरातच नीट शोधा. आज मिळेल, उद्या मिळेल या आशेवर त्या वेड्या पोरानं उरलेल्या कॅप्सूल एक दिवसाआड घेतल्या, त्याही आईला न सांगता. मग त्या संपल्या. शेवटी दुसरं पार्सल मुंबईच्या बसवाल्याच्या हाती मागवलं. ते आलं तेव्हा तो दवाखान्यात होता, छातीत पाणी झालं होतं, आणि आईची किडनी त्याच्या शरीरानं नाकारली होती.

"कुणावर संशय आहे?" मैथिलीबाईंनी विचारलं.

"समोरच्या दारावर."

समोरच्या दारात शांतादेवींची जाऊ राहायची, दानेश्वरी. दोघींचे नवरे सख्खे भाऊ, दोघंही आता नव्हते. गोडीगुलाबीचे दिवस होते तेव्हा दोघांनी एकाच मजल्यावर समोरासमोर फ्लॅट घेतले होते. पुढं गारगोटीच्या जमिनीवरून फाटलं ते फाटलंच. त्या मजल्यावर तिसरं दार नव्हतं.

"काकूनंच न्हेलं म्हनतच गेलं माजं पोरगं," शांतादेवी म्हणाल्या. "मरताना त्वांडात तिचं नाव हुतं."

"पार्सल दिसायला कसं असायचं?"

बाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "न्हेमी तपकिरी खोकं यायचं. चिकटपट्टी लावल्यालं."

"मंचात दावा लावला तर काय मागायचं? भरपाई किती?"

"मला कायबी नको. ते कुनी न्हेलं, तेवडं सांगा. कुनी का असंना, पर मला नाव सांगा."

अशी मागणी करणारा पक्षकार मैथिलीबाईंनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या शाहूपुरीतल्या कुरिअरच्या ऑफिसात धडकल्या. ते पार्सल पोचवल्याला बरोबर महिना झाला होता, म्हणजे आजही अमावास्याच. मालक शिवप्रसाद कपाळभर विभूती लावून दारात पूजा करत होता. कोल्हापुरातल्या कुठल्याही पेढीवर अमावास्येला दिसतं तेच दृश्य. धंद्याला दृष्ट लागू नये म्हणून लिंबू कापून त्याला कुंकू भरलेलं, उदबत्तीचा धूर, आणि उंबऱ्यावर खाडकन फुटलेला नारळ. पाण्याचा फवारा मैथिलीबाईंच्या चपलेवरही आला आणि दाराशी रचलेल्या पार्सलांच्या ढिगावरही. शिवप्रसादनं ढिगावर अक्षता उधळल्या, कुंकवाची बोटं ओढली, आणि कापलेली लिंबं उचलून एका पोऱ्याच्या खांद्यावरच्या झोळ्यात टाकली. "जाताजाता तीन रस्त्यांच्या तिकटीवर टाक रं. इसरू नको."

पोऱ्या पार्सलं त्याच झोळ्यात कोंबून गेला. मैथिलीबाई चप्पल झटकत आत शिरल्या.

"बसा की ओ मॅडम," शिवप्रसाद म्हणाला. "पर त्या पोराचं इचारायला आला असशीला तर आमच्याकडं सही हाय."

"सही तुमच्याच माणसानं ठोकलेली असते, हे मलाही माहीत आहे आणि तुम्हालाही. पार्सल कुणी नेलं होतं त्याला बोलवा."

वरद आला. पंचविशीचा, जाड भिंगाचा, बोलताना मालकाकडं बघणारा. उमराणी राहायचे त्या राजारामपुरीची लाइन महिनाभरापूर्वी त्याच्याकडं होती, ती आता काढून दुसऱ्याला दिली होती. तो पाठ केल्यासारखा म्हणाला, "उमरान्यांच्या घरात कोन दार उगडंना. मग समोरच्या बाईंच्या हातात दिलतं."

"बाई कशा होत्या दिसायला?"

"वयस्कर. हिरवं पातळ. कपाळाला ह्ये मोट्टं कुंकू."

"बरं. आणि पार्सल?"

"पांढरं. कापडात शिवल्यालं. गेल्या म्हैन्यापासनं मुंबैची औषधं कापडात याला लागल्यात, पावसात भिजू नयेत म्हनून."

मैथिलीबाईंच्या कपाळाला आठी पडली. आई म्हणाली तपकिरी खोकं, हा म्हणतो पांढरं कापड. पण आधी दुसरं खोटं निस्तरायचं होतं.

"वरद, समोरच्या बाईंचा नवरा जाऊन सहा वर्षं झाली, हे त्यांच्या जावेनंच मला सांगितलंय. त्या कपाळाला विभूती लावतात. कुंकू लावत नाहीत. तू त्यांना कधी बघितलंयस तरी का?"

पोराच्या तोंडचं पाणीच पळालं. मालकानं मान वळवली.

"लाइट गेलती," वरद म्हणाला. "बेल वाजंना. खाली गाडी चालूच ठिवून आलतो. पयलीच डिलिव्हरी हुती सकाळची, मागं झोळाभर पडलतं. उंबऱ्यावर ठिवलं आन् गेलतो."

"दार वाजवायला हात नव्हते?"

"हुते की."

"मग तो मुलगा रोज इथं येऊन विचारत होता, तेव्हा का नाही सांगितलंस? महिनाभर का नाही सांगितलंस?"

"मालक म्हनाले, हातात दिलं म्हनून सांग. उंबऱ्यावर ठिवलं म्हनलं तर जबाबदारी आपल्यावर येती."

शिवप्रसाद हात जोडून म्हणाला, "मॅडम, सगळीकडं असंच चालतंय. एकेका दाराशी थांबत बसलं तर धंदा हुतोय व्हय? आन् आत औषध हाय का चप्पल हाय, आमाला काय म्हाईत?"

मैथिलीबाईंना त्याच्या कानाखाली जाळ काढावासा वाटला. पण त्याचं बोलणं खोटं नव्हतं, आणि त्याचाच त्यांना जास्त संताप आला. त्या उठल्या. म्हणजे पार्सल मजल्यावर पोचलं होतं, उंबऱ्यावर होतं, आणि तिथून ते कुणीतरी उचललं होतं. वर फक्त दोन दारं, आणि जिना झाडणारी एक बाई.

३

उमराण्यांच्या इमारतीत जिना झाडणारी चिमणाबाई पहिल्या पायरीवरच भेटली. पार्सलाचं नाव काढताच तिनं खराटा आपटला.

"मी चोरी केली म्हनालाईसा व्हय? माजीच चोरी झाली की त्या दिवशी! त्येचं कोन बोलंना झालंय."

"तुझं काय गेलं?"

"सुपली. केर भरायची पत्र्याची सुपली. जिन्याखाली ठिवलेली असती. आमुशाच्या दिवशी आलो, बगतो तर सुपली गायब, आन् झाडूबी गायब. शेक्रेटरी मलाच बोलला. आता मला सांगा, फुटकी सुपली कोन चोरतंय?"

मैथिलीबाईंनाही ते कळेना. औषधाचं पार्सल जातं, आणि त्याच दिवशी केराची सुपलीही जाते.

"वरच्या मजल्यावर काही दिसलं? खोकं, कागद, कापड?"

"वर काय दिसनार? वर माजं कामच न्हवतं. शांताक्कांनी आदीच सगळं धुतल्यालं. उंबऱ्यापासनं जिन्यापतोर. गोमूत्राचा वास सुटलता नुस्ता, आन् कोपऱ्यात खडेमीठ. मी म्हनलं बरं झालं, आयतंच मिळालं."

"शांताक्कांनी? दानेश्वरीबाईंनी नव्हे?"

"न्हाय ओ. शांताक्काच. केस बी वले हुते त्यांचे, डोक्यावरनं न्हाल्यालं दिसलं. मी हाक मारली तर ओ सुदीक दिली न्हाय."

वरच्या मजल्याकडं मैथिलीबाईंनी पाहिलं आणि का कोण जाणे, त्यांना वर जाऊ नये असं वाटलं. पक्षकारानं आपल्याला काहीतरी सांगितलं नव्हतं. पण जी आई कुशीतली किडनी काढून देते, ती औषध कशाला लपवेल?

त्या वर गेल्या. डाव्या हाताला शांतादेवींचं दार होतं. त्यांनी उजवीकडचं वाजवलं.

४

दानेश्वरीनं साखळी न काढता फटीतून पाहिलं. उंच, वाळकी बाई, कपाळावर विभूतीची आडवी बोटं. वकील म्हटल्यावर ती म्हणाली, "माज्या घराची झडती घ्या. कवाबी घ्या. पोरगं गेलं तवा मला मातीला बी येऊ दिलं न्हाय. खिडकीतनं बगितलं मी."

"झडती नको. त्या अमावास्येला सकाळी तुम्ही दार उघडलं होतं का, तेवढं सांगा."

दानेश्वरीनं साखळीला हात घातला, पण काढली नाही.

"दानेश्वरीबाई, पार्सल तुमच्या हातात दिलं नव्हतं, हे कुरिअरवाल्यानं कबूल केलंय. तुमच्यावरचा आळ खोटा आहे. पण तुम्हाला काहीतरी माहीत आहे."

साखळी निघाली. दानेश्वरीचा आवाज एकदम खाली गेला.

"पार्सल मी बगितलंच न्हाय. दूध घ्यायला दार उगडलं, तर तिच्या उंबऱ्यावर करनी टाकलेली."

"करणी?"

"मग काय तर! पांढऱ्या कापडाचं गाठोडं, वलं झाल्यालं, कुक्कू वघळल्यालं, तांदूळ चिकाटल्यालं. आन् वर अर्दं लिंबू, कुक्कू भरून. आमुशाच्या दिवशी! मनात म्हनलं, ती आता म्हननार मीच टाकली. ह्येच्या आदी बी म्हनालती, पोराची पयली किडनी माज्या करनीनंच गेली म्हनून. गुमान दार लावून घेतलं. दूध बी न्हाय घेतलं. कुनाला सांगितलं न्हाय. कुनाला सांगू? कोन इस्वास ठेवनार?"

मैथिलीबाईंनी आपल्या चपलेकडं पाहिलं. अंगठ्याजवळ नारळाच्या पाण्याचा डाग अजून होता, आणि त्याला कुंकवाची लालसर कड आली होती.

सकाळी डोळ्यांसमोर घडलं होतं आणि त्या चप्पल झटकत बसल्या होत्या! नारळाचं पाणी ढिगावर, अक्षता ढिगावर, कुंकू ढिगावर, लिंबं झोळ्यात, त्याच झोळ्यात पार्सलं. महिन्यापूर्वीही हेच झालेलं. वरदनं घाईत हात घालून गाठोडं ओढलं, त्याला चिकटून लिंबाची फोड आली, पत्ता खालच्या बाजूला गेला, आणि हा शहाणा ते तसंच उंबऱ्यावर ठेवून चालू गाडीकडं पळाला. अमावास्येच्या सकाळी पांढऱ्या कापडातली ओली वस्तू, कुंकू, तांदूळ, लिंबू. याचा अर्थ कोल्हापुरात शेंबड्या पोरालाही कळतो. असल्या वस्तूला कुणी हात लावत नाही. झाडूनं ढकलून सुपलीत घेतात, वाहत्या पाण्यात सोडतात, आणि तिला लागलेली सुपली, झाडू परत घरात आणत नाहीत. मग उंबरा गोमूत्रानं धुतात, मीठ टाकतात, डोक्यावरून आंघोळ करतात.

आजारी मुलाची आई असेल तर हे सगळं ती मुलाला कळू न देता करते.

"काय झालं ओ?" दानेश्वरी विचारत होती. "कुनी न्हेलं मग पार्सल?"

"पाणी द्या जरा," मैथिलीबाई म्हणाल्या.

५

संध्याकाळपर्यंत त्या ऑफिसात दार लावून बसल्या. वकिलाच्या हिशोबानं प्रकरण सोपं होतं. कुरिअरचा हलगर्जीपणा सिद्ध होत होता, वरद कबूल होता, दावा शंभर टक्के जिंकला असता. पार्सल उंबऱ्यावरून नाहीसं झालं, कुणी नेलं ते कळलं नाही, एवढं म्हटलं की पुरे. दानेश्वरीवरचा आळही त्यात निघाला असता. बाकीचं सांगायची गरजच नव्हती. कुठल्या तोंडानं सांगणार?

असं ठरवून त्या उमराण्यांच्या घरी गेल्या. शांतादेवींनी चहा केला नाही, बसा म्हणाल्या नाहीत. मृत्युंजयच्या फोटोखाली पाटावर त्या बसून होत्या.

"शांताक्का, पार्सल पोचलं होतं. त्यानं उंबऱ्यावर ठेवलं. तुमच्या जावेनं घेतलेलं नाही, याचा पुरावा मिळालाय. बहुतेक कुणी फिरस्ता वर आला असेल, त्यानं..."

"फिरस्ता," शांतादेवी म्हणाल्या.

"हो."

"तुमी बगितला?"

मैथिलीबाईंनी आयुष्यभर मंचापुढं भल्याभल्या साक्षीदारांची तोंडं बंद केली होती. आज त्यांनीच शांतादेवींवरची नजर काढून फोटोकडं वळवली.

"दुसरं पार्सल बसवाल्याच्या हातनं आलं न्हवं," शांतादेवी सांगू लागल्या, "ते दवाखान्यात माज्याच हातात दिलं. पांढऱ्या कापडात शिवल्यालं. तवर मी तपकिरी खोक्याचीच वाट बगत हुतो. ते कापड बगितलं, आन् वकीलबाई, मला ते उंबऱ्यावरचं गाटोडं आटवलं. त्येच माप, तसंच कापड. आत पोरगं म्हनालतं, काकूनं न्हेलं, काकूनं न्हेलं. मी त्याला व्हय म्हनलो. मरंस्तवर व्हय म्हनलो."

"तुम्हाला माहीत होतं. मग माझ्याकडं कशाला आलात?"

"मला वाटलं तुमी लई हुशार हायसा. शोधून काडशीला. दुसरंच काईतरी निगंल. ते गाटोडं येगळं हुतं आन् पार्सल येगळं हुतं, आसं म्हनशीला. कुनी का न्हेलं असंना. दानेश्वरीनं न्हेलं असतं तर मी तिच्या पाया पडलो असतो की ओ!"

त्यांचा हात पुन्हा कुशीवर गेला होता. "रिक्षा करून पंचगंगेवर गेलतो. सुपलीसकट सोडलं. हात जोडून म्हनलं, माज्या पोरावरचं सगळं घिऊन जा बाई. आन् घरात येऊन त्याला गरम भाकरी वाडली."

मैथिलीबाई त्यांच्याशेजारी जमिनीवर बसल्या. पक्षकाराला रडायला बाहेर पाठवणाऱ्या या बाईला आता स्वतःचे डोळे पुसायला पदर सापडत नव्हता.

"एकच सांगा," शांतादेवी म्हणाल्या. "करनी कुनी टाकली हुती?"

"कुणीच नाही, शांताक्का. कुरिअरवाल्यांची पूजा होती. धंदा चांगला चालावा म्हणून. त्यातलं कुंकू लागलं, लिंबू चुकून आलं. कुणाच्या मनात काही नव्हतं."

"कुनीच न्हाय?"

"कुणीच नाही."

"कुनीतरी टाकायला पायजे हुती की," त्या म्हणाल्या. "येवडं पोरगं गेलं माजं. कुनाचं तरी वाईट मन लागंल का न्हाय त्याला?"

शांतादेवी भिंतीला धरून उठल्या. दानेश्वरीला सांगायला पाहिजे, म्हणाल्या, आजच सांगायला पाहिजे, उद्या धीर व्हायचा नाही. खाली रस्त्यावर कुणाची तरी गाडी चालू होती, ती गिअर टाकून निघून गेल्याचा आवाज आला. शांतादेवींनी दार उघडलं आणि त्या तिथंच थांबल्या.

उंबऱ्यावर पांढऱ्या कापडाचं गाठोडं होतं. ओलसर. कुंकवाचे ओघळ, दोन-चार तांदळाचे दाणे. आधीच नोंदवलेली मागणी रद्द करायचं कुणाच्या ध्यानात राहिलं नव्हतं. जिन्यावर कुणी नव्हतं.

मैथिलीबाई पुढं व्हायला गेल्या, तर शांतादेवींनी हातानं त्यांना मागं सारलं. त्या खाली बसल्या. गाठोडं त्यांनी दोन्ही हातांनी उचलून मांडीवर घेतलं, उलटं केलं आणि पदरानं कुंकू पुसू लागल्या. पुसता पुसता खालून मृत्युंजयचं नाव दिसायला लागलं. समोरचं दार दानेश्वरीनं थोडंसं उघडलं होतं.

"आलं बग गं," शांतादेवी तिला म्हणाल्या. "पोराचं औषध आलं."